नागपूरला गेलेले बांगडे

आमच्या कोळीण मावशीला किलोमीटर कधी कळलेच नाहीत. मालाडच्या बाजारात ओट्यावर बसून ती सगळं जग मासळीवर मोजायची. बोरिवली म्हणजे ‘पापलेटाला कलत पन नाय’, पुणं म्हणजे ‘बर्फ बदलावा लागंल’ आणि दिल्ली म्हणजे ‘सुकट ने गो, उगा भानगड नको’. आम्ही चारकोपला राहायला आलो, पण मासळी घ्यायला उभी राहिले की अजून तिचीच आठवण येते. मासा ताजा आहे ना, कल्ले लाल आहेत ना, हे मी उघडून बघायला लागले की ती ओरडायची, “आली बग डॉक्टरीन!”

तिचा नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक नंदा मालाडलाच एका ऑफिसात होती. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं आणि तो निघाला आईवडिलांपाशी नागपूरला, कायमचा परत. मावशीचं धाबं दणाणलं.

“तुज्या मोबाइलात बग गो, नागपूर कवरा लांब?”

“विमानाने सातशे किलोमीटर. दीड तास.”

“आनि घरातून घरात?”

विमानतळ, तपासणी, सामानाची वाट बघणं, सगळं धरलं तर अर्धा दिवस जात होता. “म्हंजे विमान उडतं दीड तास आनि माजी पोर अर्धा दिस वाटंवर,” मावशी म्हणाली.

शेवटी तिने त्या मुलालाच बोलावलं आणि त्याच्या हातात बांगड्यांचा डबा ठेवला. बांगडा सगळ्यात लवकर नरम पडतो, म्हणून मुद्दाम बांगडे. “ताजे पोचले तर पोरगी दिली,” ती म्हणाली. महिना मे, त्यात विमानात पाणी गळेल म्हणून बर्फही घालता येईना. नंदा माझ्या कानाशी पुटपुटली, “वाट लागली ताई. आईला हो म्हणायचंच नाहीये.” पण पोरगी आईच्या वरताण. ताजेच आहेत म्हणून सांग, असं तिने त्याला पढवून ठेवलं होतं.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही तिघी फोनकडे बघत बसलो. अखेर तो वाजला.

“मावशी, पोचलो. डबा उघडला.”

“कल्ले?”

तो म्हणाला, “लाल नाहीत जी. पोटाशी नरम पडलेत. नंदा म्हणाली होती ताजे सांग, पण तुमच्याशी खोटं कसं बोलू?”

नंदाने कपाळावर हात मारून घेतला.

“टाकून दे ते. खाऊ नको, पोट बिघडंल,” एवढं बोलून मावशीने फोन ठेवला. समोरच्या टोपलीतली मासळी ती दोन्ही हातांनी निवडायला लागली. मग लेकीला म्हणाली, “मासली नाय पोचली. पन तुजं काय बरंवाईट असंल तं हा मना खरं सांगंल. कर लगीन.”

तिचे दोन्ही हात मासळीने भरलेले होते. तिच्याच पदराने तिचे डोळे मी पुसले.