मस्कतला दारावर कोण आलं

धुळे जिल्ह्यात माणूस गेला आणि माझे थोरले साडू नाना त्याच्या दारावर गेले नाहीत, असं गाव दाखवा. दारावर जाणं म्हणजे दुखवट्याला जाऊन बसणं. ते आमच्याकडे सगळेच करतात, पण नानांनी ते व्रतासारखं सांभाळलं. ओळख लागत नसे. गेलेल्याच्या मामाच्या गावाची एसटी आपल्या गावावरून जाते, एवढं नातं त्यांना पुरे. पांढरी टोपी चढवायची, पहिली गाडी धरायची, अंगणातल्या सतरंजीवर मान खाली घालून बसायचं आणि 'येतो' न म्हणता उठायचं, कारण अशा कामाला पुन्हा यायची वेळ येऊ नये. दोंडाईच्याला एकदा घर चुकलं. माणसं बसलेली दिसली, नानाही बसले. तो साखरपुडा होता. मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाचे कडक काका, मुलाकडच्यांना वाटलं मुलीचे मामा. विचारायची कोणाची छाती झाली नाही. नाना जेवले, डोळे पुसले आणि न सांगता निघाले. घरी आल्यावर म्हणाले, "मयतना घरमा जिलबी? तव्हयच माले शंका उनी."

एवढी पायपीट कशाला, असं मी विचारायचो. "आपन गऊत तं लोके येतीन," एवढंच उत्तर; आपण गेलो तर लोक आपल्याकडे येतील.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा मस्कतला झोपेतच गेला. एसी दुरुस्तीचं काम करायचा. माझ्याकडे पासपोर्ट होता. नानांचा त्या मुलानेच हौसेने काढून ठेवला होता, बापाला समुद्र दाखवायला. आम्ही दोघं त्याला आणायला गेलो.

कागदपत्रं पुरी होईपर्यंत मी फोन कानाला लावून फिरत होतो. नाना मात्र मुलाच्या खोलीबाहेरच्या पायरीवर टॉवेल अंथरून, टोपी घालून बसले. खोलीतले सोबती गळ्यात पडून रडले आणि कामावर गेले. त्यांना रजा नव्हती. गल्ली रिकामी.

"नाना, आत बसा. ऊन आहे."

"बाप दारवर बसस. लोके येतीन."

"इथे आपल्याला कोण ओळखतं?"

नाना गल्लीच्या टोकाकडे बघत राहिले. आयुष्यभर हजारो अंगणांत बसलेल्या माणसाच्या पोराच्या दारावर एकही माणूस येत नव्हता, आणि मला ते बघवत नव्हतं.

ऊन कलल्यावर कचऱ्याच्या पेटीकडून एक पिवळं मांजर आलं, एक कान फाटलेलं. तिकडची रस्त्यावरची मांजरं माणसाला भीत नाहीत. ते सरळ नानांच्या गुडघ्याला अंग घासून पायरीवर बसलं. मागून एक काळं-पांढरं आलं, मग एक गाभण राखाडी. मी "हट" म्हणून हात उगारला.

"दारवर येल मानूसले हाकलतस का, साडूभाऊ?"

"नाना, मांजरं आहेत ती."

"मंग? उन्यात ना." आली ना, एवढाच त्यांचा हिशेब.

मग त्यांनी पिवळीला हळूच विचारलं, "जेवे ना व मन्हा पोऱ्या? रातले उपाशी ते नई जपे ना?" मांजराने डोळे मिटले. नानांना ते उत्तर पुरलं. धुळ्याहून निघाल्यापासून ते रडले नव्हते, तिथे रडले. मी फोन खिशात टाकला आणि त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलो. बऱ्याच वेळाने मांजरं एकेक करून उठली आणि मागे न बघता गेली. अगदी रीतीप्रमाणे. नानाही पोचवायला उठले नाहीत.

गावी परतल्यावर अंगणात सतरंज्या पुरेनात. मी पाण्याचा तांब्या घेऊन माणसांमधून फिरत होतो. शेजारची म्हातारी नानांना म्हणाली, "परदेशमा पोऱ्याना दारवर कोनीच नई उनं व्हई, नाना."

"उनात ना, अक्का. चार जन व्हतात."

मांजरं तीन होती. मोजण्यात माझी चूक होत नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि मस्कतच्या पायरीवर बसलो होतो तसाच नानांच्या शेजारी मान खाली घालून बसलो.