उपासाला गेलेल्या वस्तू

आमच्या मामांनी आयुष्यात जितक्या मूर्ती पकडल्या, तितक्या कुठल्या पुराणवस्तू खात्यानंही पकडल्या नसतील, आणि त्यांतली एकही दगडाची नव्हती. बेंबळीतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती वस्तीत ते कुणाच्या घरी गेले, की आमच्या रीतीनं "सलाम" म्हणून उंबऱ्यातच थांबत आणि डोळे बारीक करून घरभर नजर फिरवत. घरातली माणसं उगीचच अवघडून जात. भरतकामाचं फडकं पांघरून बसलेला रेडिओ, प्लास्टिक न काढलेली आणि पाहुण्यालाही बसू न दिलेली खुर्ची, दूध संस्थेच्या चेअरमनशेजारी उभं राहून काढलेला आणि स्वतः त्यात निम्मंच आलेला फोटो, मामांना मूर्ती कुठंही दिसे. "हे उद्या गेलं, तर देव उरंल का?" एवढंच ते विचारत आणि चहा येईपर्यंत उत्तराची वाट बघत. शेजारच्या हिंदू घरांत मात्र हा प्रश्न त्यांनी कधी नेला नाही. "त्यांची मूर्ती देव्हाऱ्यात असती, दिसती तरी. आपली दिसत न्हाय, म्हणून आपल्यालाच भ्या जास्त," असं ते म्हणत.

स्वतःच्या घराची झडती तर रोजचीच होती. एखादी वस्तू फार आवडू लागल्याचा संशय आला, की मामा तिला एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत "उपासाला" पाठवत, म्हणजे भिंतीपलीकडच्या आक्कांकडे नेऊन ठेवत. उपास खरा मामांचाच. वस्तूंची आक्कांकडे चैन असे. कानटोपी गेली, कान तुटलेला लाडका कप गेला. रेडिओ घेऊन गेले, तेव्हा आक्का म्हणाल्या, "ठिवा तिथं, भाऊ. तुमच्या देवाला न्हाय चालत, पर माझ्या सुनंला लई चालतोय." तो रेडिओ परत आणायचं मामा विसरूनच गेले आणि तो आक्कांचाच झाला. मामांच्या मते त्यांचा सर्वांत यशस्वी उपास तो. मामीनं एकदा विचारलं, "मला कवा धाडताय आक्काकडं?" मामांनी गंभीरपणे विचार केला. "तू आवडतीस, खरं हाय. पर तुझं भ्या बी वाटतं. तू मूर्ती न्हवं."

मी तेव्हा उस्मानाबादला कॉलेजात होते आणि शनिवारी एस.टी.नं मामांकडे येत असे. दुष्काळाचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं इतकी मोकळी, की दुपारच्या पांढऱ्या उन्हात गाव जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखं दिसे. विहिरींनी तळ दाखवले होते, पाणी टँकरनं येई. त्याच वर्षी दूध संस्थेनं सभासदांना जर्सी गाई दिल्या. मामीनं मामांना न विचारता नाव घातलं होतं. गाय दारात आली तशी मामा आडवे उभे राहिले. "बायबलात वाळवंटात लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं हुतं. आता संस्थाच वाटाय लागली व्हय?" मामी म्हणाली, "वासराचं नंतर बघू. आधी पेंड आणा."

मामा पेंड आणायला गेले, तिथंच घात झाला. पंधरवडाही गेला नसेल, मामा त्या तांबूस, लांब पापण्यांच्या गाईच्या प्रेमात पडले. सकाळी केंद्रावर दुधाला फॅट चांगली लागली, की साऱ्या वस्तीला हसून सलाम घालत. कमी लागली, की दिवसभर चेहरा उतरलेला. पहाटेची प्रार्थना आधी गोठ्यानंतर गेली, मग गोठ्यातच होऊ लागली. आपल्या वाट्याचं प्यायचं पाणी ते तिच्या बादलीत ओतत, आणि एकदा मामीनं झाकून ठेवलेला तांब्याही त्यांनी ओतला. मामीनं कोरड्या ओठांवरून पदर फिरवला आणि रिकामा तांब्या उपडा घातला. दुसऱ्याच्या घरातलं भरतकामाचं फडकं ज्यांना खुपायचं, त्या मामांना अंगणात उभी असलेली अख्खी गाय दिसत नव्हती.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. एरवी रविवारची प्रार्थना मामाच चालवत. एका रविवारी डोळे मिटून, हात पसरून त्यांनी सुरुवात केली, "हे आकाशातल्या बापा, आमच्या जर्सीला वैरण..." बायकांच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं. मामा थांबले. बाहेरून धूळ आत येत होती आणि उन्हाच्या पट्ट्यात हळूहळू फिरत होती.  मग मामा आमेन न म्हणताच खाली बसले.

पुढं पिकाच्या आभाराचा सण आला. या दिवशी घरचं पहिलं धान्य, भाजी, कोंबडी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणायची आणि उपासनेनंतर तिथंच त्यांचा लिलाव करायचा, अशी आमची रीत. त्या वर्षी टेबलावर चार लिंबं आणि एक भोपळा होता. मामा जर्सीला घेऊन आले. "ही देवाची," म्हणाले. "लावा बोली." त्यांचा हात मात्र तिच्या मानेवरून निघेना. पाळकसाहेबांनी पुकारा केला, पण दुष्काळात गाय घेऊन तिला घालायचं काय? बोली लागेना. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मामा, गिऱ्हाईक न्हाय. घरी न्या." मामांचा चेहरा असा झाला, जणू देवानंच भेट परत केली.

तेवढ्यात सतरंजीवरून मामी उठली. "माझी एक घागर पाणी," ती म्हणाली.

 आदल्या दिवशी टँकर आलाच नव्हता. मामीनं घरातली शेवटची घागर आणून टेबलावर ठेवली आणि पाळकसाहेबांनी त्यातला घोट घोट साऱ्या मंडळीला दिला. मामीनं दावं हातात घेतलं. "आजपासून गाय माझी. तुमी गडी. खाजवायचं असंल तर इचारून खाजवा." मामा इतके मोकळे हसले, की जर्सीनंही मान वळवून बघितलं.

उन्हाळ्यात तिला येरमाळ्याकडच्या चारा छावणीत न्यावं लागलं, आणि एका संध्याकाळी मामा नुसतं दावं खांद्यावर टाकून परत आले. मामी रडू लागली. आता मामांचं काय होणार, या भीतीनं मी दारातच उभी राहिले. त्यांनी दावं खुंटीला अडकवलं. "रड," म्हणाले, "मी बी रडणार हाय." आधी मात्र त्यांनी प्रार्थना केली. पहिलं नाव देवाचं होतं, जर्सीचं नंतर. नंतर अंधार पडेपर्यंत दोघं गोठ्याकडे तोंड करून बसून होते.

यंदा मामा गेले. मी मामीजवळ राहायला आले आणि त्यांचा फोटो खिडकीशेजारी लावला. रोज पहाटे त्याच्यापुढं बसते, डोळे मिटते आणि आतल्या आत त्यांच्याशीच बोलत राहते. परवा मामी मागून म्हणाली, "पोरी, पहिलं नाव कुणाचं घेतीस?" 

रविवारी मी फोटो टॉवेलात गुंडाळला आणि भिंतीपलीकडे नेला. आक्का आता फार थकल्या आहेत. त्यांनी टॉवेल उलगडला. "भाऊंलाच धाडलंस व्हय उपासाला?" त्या म्हणाल्या, आणि फोटो पदरानं पुसून फळीवर ठेवला. "बसा, भाऊ. तुमचा रेडिओ अजून वाजतोय."

घरी येऊन मी मोकळ्या खिळ्यासमोर बसले. पहिलं नाव ओठांवर यायला फार वेळ लागला. भिंतीपलीकडून रेडिओ येत होता, अगदी हळू.