शेवेच्या पिशव्यांचा उपाय

उज्जैनमध्ये देवाशी बोलणारे हवे तितके सापडतील, पण गांधीलमाश्यांशी बोलणारा माणूस या शहरात एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. बँकेच्या नोकरीपायी काका इकडे आले, माधव नगरात घर बांधलं, आणि निवृत्तीनंतरचं आयुष्य त्यांनी त्या घराच्या छज्ज्याखाली मान वर करून काढलं. आपण अगदी रंगात येऊन काही सांगत असावं, तर ते मध्येच ओठांवर बोट ठेवत. "हलू नकोस. जागा बघायला आलीय." मग उठून त्या घिरट्या घालणाऱ्या माशीला अत्यंत आदबीने सांगत, "देखिए बहनजी, यहाँ जगह खाली नहीं है." मराठीत का नाही सांगत, असं मी एकदा विचारलं, तर माझ्या अज्ञानाची कीव करत म्हणाले, "अरे, ती इथली. तिला मराठी कुठून कळणार?"

हा सगळा खटाटोप मावशीसाठी होता. नव्या घरात आल्या आल्या गच्चीवर कपडे वाळत घालताना तिला एक गांधीलमाशी चावली होती. बघता बघता तोंड सुजलं, श्वास कोंडला, आणि काकांनी तिला स्कूटरवर बसवून कसंबसं दवाखान्यात पोचवलं. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मावशी ते आठवड्याभरात विसरली. काका मात्र त्या दिवसापासून हेल्मेट घालून घरातल्या घरात हिंडू लागले. रेनकोट, हेल्मेट आणि हातात मावशीचे लोकरीचे मोजे, अशा वेशात ते शिडीवर चढले की दूधवाला फाटकातूनच परत जाई. एकदा त्यांनी गोवऱ्यांचा धूर केला. माश्या जागच्या हलल्या नाहीत, पण सगळी गल्ली बादल्या घेऊन आग विझवायला धावून आली.

शेवटी त्यांनी कुठेसं वाचलं, की दुसऱ्यांचं पोळं दिसलं की गांधीलमाश्या तिथे घर करत नाहीत. झालं! काका रोज फ्रीगंजला जाऊन शेव आणू लागले. शेव नको होती, तिची खाकी पिशवी हवी होती. पिशवी फुगवायची, तोंड सुतळीने आवळायचं आणि छज्ज्याला टांगायची, की खोटं पोळं तयार. आम्ही पोह्यांवर शेव खाल्ली, वरणात शेव खाल्ली, एकदा तर शिऱ्यावरही खाल्ली. "अहो, ततैये परवडले," गांधीलमाश्यांना इथलं नाव देत मावशी हात जोडून म्हणाली, "पण ही शेव बंद करा."

आता उज्जैनसारख्या गावात कुणी दाराशी काही टांगलं, तर ते उगीच टांगलं असं कोण मानेल? समोरच्या भाभीजींनी विचारलं, "भाईसाहब, ये रामघाट वाले पंडितजी ने बताया क्या? किसलिए होता है?" काका शिडीवरून खरं तेच बोलले. "आपकी भाभी को कुछ न हो, बस इसीलिए."

संपलं. त्या दिवसापासून गल्लीतली प्रत्येक बायको नवऱ्याला विचारू लागली, "मेरे लिए कब टाँगोगे?" बिचारे नवरे फ्रीगंजला रांगा लावून शेव आणू लागले. कुणी पिशवीला लाल दोरा बांधला, कुणी कुंकू लावलं, मंगळवार चांगला की शनिवार यावर वाद झाले. "अरे भाई, ये ततैयों के लिए है!" काका घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले. लोक समजूतदारपणे हसत. असला उपाय कुणी उघड करून सांगत नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं. मावशी ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसे. काका तिच्यावर चिडत, आणि चिडता चिडता तिच्या डोक्यावरचा छज्जा न्याहाळून घेत.

मावशीला पुन्हा कधीच गांधीलमाशी चावली नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली, ती झोपेतच, हृदय बंद पडून. काकांनी ज्याच्यावर कधी पहाराच ठेवला नव्हता, असं कारण.

परवा मी गेलो होतो. गल्लीत अजूनही दारोदार पिशव्या डोलत होत्या. फक्त काकांच्या छज्ज्याला एकही नव्हती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर चांगलं वाटीएवढं, खरंखुरं पोळं लागलं होतं. मी घाबरून शिडी आणायला निघालो, तर काकांनी माझा हात धरला. एक माशी आमच्या डोक्यावरून पोळ्याकडे चालली होती. काका तिच्याकडे बघून तशाच आदबीने म्हणाले, "रहिए बहनजी. अब जगह ही जगह है."