पिठाची चौकशी करणारं यंत्र

ओकोतितला गावात दुपारचा एक वाजला हे घड्याळात बघावं लागत नाही. घरोघरची माणसं हातात भरतकामाचं फडकं घेऊन एकाच दिशेने चालू लागतात, आणि ती दिशा निकांद्राबाईंच्या दुकानाची असते. फडकं कशाला, तर गरम टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, गुंडाळून न्यायला. ज्याचं फडकं मळकं असेल त्याला निकांद्राबाई रांगेतून सरळ परत पाठवतात. एकदा त्यांनी पाद्रीबाबांना पाठवलं होतं. बाबा मुकाट्याने गेले, धुतलेलं फडकं घेऊन आले, आणि पुढच्या रविवारी त्यांनी स्वच्छतेवर पाऊण तास प्रवचन दिलं. पाऊण तासात निकांद्राबाईंनी एकदाही मान वर केली नाही, पण ओठ दाबून धरले होते असं शेजारी बसलेल्या सांगतात.

तर अशा या निकांद्राबाई. ठेंगण्या, रुंद, बोलायला कडक आणि द्यायला सैल. रांगेत थांबलेल्या प्रत्येकाला त्यांच्याकडे एक टॉर्टिया फुकट मिळते, मीठ भुरभुरून गुंडाळी केलेली. म्हातारे अबुंदिओबुवा ती खात खात पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात, आणि निकांद्राबाईंना ते दिसत नाही असं गेली कित्येक वर्षं दोघांनीही ठरवून टाकलं आहे.

त्यांचा खरा अभिमान मक्याचा. पाकिटातलं कोरडं पीठ त्यांनी कधी दुकानात येऊ दिलं नाही. गावचाच मका घ्यायचा, संध्याकाळी चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, तसाच मुरू द्यायचा, पहाटे चोळून धुवायचा आणि ओला दळायचा. यालाच निश्तामाल म्हणतात. त्या पिठाची टॉर्टिया तव्यावर टम्म फुगते आणि चार घड्या घातल्या तरी तडकत नाही. निकांद्राबाई पिठाचा गोळा नाकाशी धरून सांगायच्या, हा डोंगरउताराचा मका आणि हा ओढ्याकाठचा. अबुंदिओबुवांनी एकदा दोन्ही मिसळून त्यांची परीक्षा घेतली. बाईंनी गोळा हुंगला आणि म्हणाल्या, "दोन शेतांचा आहे, आणि कालवणाऱ्याने हात धुतले नव्हते."

पण टॉर्टिया थापून भाजणारं जुनं यंत्र तेवीस वर्षं चालून थकलं. चाकांचे दात झिजले. अबुंदिओबुवा म्हणाले, माझे आणि यंत्राचे दात एकाच वर्षी गेले, फरक इतकाच की यंत्राला भंगारात तरी कोणी घेतलं. निकांद्राबाईंनी घायपाताच्या शेताचा एक तुकडा विकला, आपिसाको शहरात गेल्या आणि रोख मोजून नवं यंत्र आणलं. पांढरंशुभ्र, पुढे काचेचा पडदा, आणि पडद्याखाली एक लाल डोळा. विकणाऱ्याने कौतुकाने सांगितलं होतं की हे यंत्र पीठ ओळखतं. बाईंना आनंद झाला. पीठ ओळखणारं आपल्याशिवाय दुसरं कोणीतरी आहे, असं त्यांना वाटलं असणार.

पहिल्या दिवशी त्यांनी आपलं ओलं पीठ आत घातलं, कळ दाबली. यंत्र हललं नाही. पडद्यावर अक्षरं आली की पिठाचं पाकीट डोळ्यासमोर धरा. बाईंकडे पाकीट कुठलं? रांग तर वळण घेऊन चर्चच्या भिंतीपर्यंत गेलेली. शेवटी वाण्याकडून यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच पिठाचं एक पोतं आणलं, पोत्यावरचे काळे पट्टे डोळ्यापुढे धरले, तेव्हा डोळा हिरवा झाला. त्या दिवशी गावाने पाकिटातलं पीठ खाल्लं. अबुंदिओबुवांनी टॉर्टियाची घडी घातली, ती मधोमध तुटली. दोन तुकडे दोन हातांत धरून ते म्हणाले, "निकांद्रा, ही खायची का यावर पत्र लिहायचं?"

बाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं की यंत्र फक्त कंपनीच्या पिठावर चालतं, प्रत्येक पोतं एकदाच चालतं, हे कराराच्या कागदात लिहिलेलं आहे. कागद एकोणीस पानांचा होता आणि अक्षर मुंगीएवढं.

"यंत्र कोणाचं आहे, पोरी?" बाईंनी विचारलं.

"तुमचंच, बाई."

"पैसे पोचले ना सगळे?"

"हो, सगळे पोचले. यंत्र तुमचं आहे. आतली प्रणाली मात्र कंपनीची आहे. ती वापरायची तुम्हाला परवानगी दिलेली आहे."

"म्हणजे माझ्या दुकानात, माझ्या यंत्राच्या पोटात, तुमचं कोणीतरी बसलंय. आणि विजेचं बिल मी भरते."

मुलगी म्हणाली, तसं म्हणता येईल. प्रामाणिक पोर असावी.

बाई दोन आठवडे दात आवळून पाकिटातलं पीठ वापरत राहिल्या. रांग आखडली. काहीजणींनी माळ्यावरचे जुने पाटे काढले. ते सगळं एक वेळ सोसलं असतं, पण सान लुकासची जत्रा आली. त्या वर्षी जत्रेचं यजमानपद अबुंदिओबुवांकडे होतं. जत्रेला घराघरातून एक बादली मका देवाच्या नावाने निघतो. कोणी आजारातून उठलं म्हणून, कोणाची गाय सुखरूप व्याली म्हणून. त्या मक्याच्या टॉर्टिया जत्रेच्या दिवशी सगळ्या गावाने मोलेबरोबर, म्हणजे मिरच्या-मसाल्याच्या दाट रश्श्याबरोबर खायच्या. त्रेसष्ट बादल्या मका निकांद्राबाईंच्या अंगणात येऊन पडला होता. नवसाच्या मक्याऐवजी पोत्यातलं पीठ वाढलं तर देव काय म्हणेल ते देव जाणे, गाव काय म्हणेल ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्रेसष्ट बादल्यांचं हाताने थापायचं तर जत्रा नाताळात करावी लागली असती.

मग बाईंनी एक युक्ती केली. पोतं डोळ्यापुढे धरलं, डोळा हिरवा झाला, आणि आत घातलं आपलं ओलं पीठ. यंत्र चाललं. चार डझन टॉर्टिया फुगून बाहेर पडल्या, रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग यंत्राला पिठाच्या ओलाव्याचा संशय आला. ते थांबलं. बाईंनी दुसरं पोतं दाखवलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा पडदा लालभडक झाला आणि त्यावर आलं की गैरवापरामुळे यंत्र बंद करण्यात आलं आहे, तंत्रज्ञाला बोलवा. आता ते कंपनीच्या पिठालाही हूं की चूं करेना. अबुंदिओबुवांनी पडदा वाचला आणि टोपी काढली. म्हणाले, स्वतःच्या दुकानात पकडली गेलेली पहिली चोर तूच.

बाई त्यावर बोलल्या नाहीत. इतकी वर्षं त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. म्हाताऱ्यालाही ते लागलं, आणि त्या दिवशी तो दुसऱ्यांदा रांगेत न उभा राहता घरी गेला.

तंत्रज्ञ आला तो जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी. रुतिलिओ त्याचं नाव, चाळिशीचा, काटकुळा, सकाळपासून पोटात काही नसलेला. त्याने गाडी गल्लीत लावली, खिशातून एक कार्ड काढून यंत्राच्या कडेला खुपसलं, आकडे दाबले आणि पडदा निळा झाला. आता चाचणी घ्यायची, थोडं पीठ द्या, म्हणाला. दुकानात होतं ते नवसाच्या निळ्या मक्याचं ओलं पीठ. बाईंनी तेच दिलं. यंत्राने चौकशी केली नाही की संशय घेतला नाही. टॉर्टिया फुगल्या. रुतिलिओने त्यातली एक मीठ लावून खाल्ली, मग दुसरी खाल्ली, मग बाकावर बसून तिसरी खाल्ली.

"आत्ता याने पोतं का मागितलं नाही?" बाईंनी विचारलं.

"चाचणी चालू आहे ना. चाचणीत डोळा झोपलेला असतो."

"किती दिवस झोपतो?"

"तपासणी लांबलीच तर आठ दिवस. पण निघताना मला ती बंद करावी लागते, बाई."

"मग निघू नका," निकांद्राबाई म्हणाल्या.

रुतिलिओ हसला. त्याला वाटलं, गंमत केली. पण एवढ्यात अबुंदिओबुवा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि यजमान म्हणून पाहुण्याला जत्रेचं रीतसर आमंत्रण दिलं. आमच्याकडे जत्रेच्या यजमानाला नाही म्हणता येत नाही. आधी सूप येतं, मग भात, मग मोले, मग घरी न्यायची शिदोरी, आणि मध्येच उठलं तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांचा अपमान होतो. रुतिलिओ म्हणाला की त्याला अजून तीन गावं करायची आहेत. बुवांनी त्याला दारापर्यंत नेऊन गल्ली दाखवली. शोभेचं दारूकाम करणाऱ्यांनी त्याच्या गाडीपुढे बांबूचा चार मजली मनोरा उभा करायला घेतला होता. तो दरवर्षी तिथेच उभा राहतो आणि जत्रेच्या शेवटी पेटवतात. पाहुण्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं, एवढंच. रुतिलिओने मनोऱ्याकडे पाहिलं, ऑफिसला फोन केला आणि कळवलं की तपासणी लांबली आहे. ते खोटं नव्हतं.

यंत्र त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अखंड चाललं. त्रेसष्ट बादल्या मका टॉर्टिया होऊन बाहेर पडला. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या. बादल्या देणाऱ्या बायका येऊन स्वतःच्या मक्याच्या ओळखू पाहत होत्या आणि चुकत होत्या, आणि निकांद्राबाई न बघता सांगत होत्या. रुतिलिओला सुरुवातीला खुर्ची दिली होती. दुपारपर्यंत तो बाह्या सरसावून पीठ ओतत होता.

जत्रेच्या दिवशी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा गावात जे जे नवं आलं असेल त्यावर तीर्थ शिंपडतात. कोणाचा ट्रक, कोणाच्या घराचं छप्पर. प्रत्येक वस्तूला एक धर्मपिता लागतो, तो शेजारी उभा राहतो. निकांद्राबाईंनी यंत्राच्या शेजारी रुतिलिओला उभं केलं. तो बिचारा आढेवेढे घेत होता, पण तोवर बाबांनी तीर्थ शिंपडलंसुद्धा, थोडं यंत्रावर आणि बरंचसं त्याच्यावर. झालं. आता तो यंत्राचा धर्मपिता, म्हणून निकांद्राबाईंचा कोंपाद्रे, म्हणजे धर्माचा सोयरा, आणि त्या त्याच्या कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याहून अवघड. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी भांडता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनोऱ्याची राख झाडून गल्ली मोकळी झाली. रुतिलिओ शिदोरीची टोपली घेऊन यंत्रापुढे उभा राहिला. बाईंनी काही मागितलं नाही. कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. तोच म्हणाला, "कोमाद्रे, आकडे सांगितले तर माझी नोकरी जाईल."

"मी विचारले नाहीत."

"कार्डही ठेवता येणार नाही."

"ठेवू नका. तुमची पोरंबाळं आहेत. मी पाट्यावर बसेन, मला येतं ते."

त्या असं म्हणाल्या आणि खरंच पाटा पुसायला लागल्या. रुतिलिओ बराच वेळ वहीत डोकं घालून बसला. दोष कोणता, या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने जे खरं होतं तेच लिहिलं: यंत्र मालकिणीचं ऐकत नाही. खाली लिहिलं: तपासणी पूर्ण झालेली नाही, आठ दिवसांनी पुन्हा येणे आवश्यक. चाचणी बंद न करता त्याने कार्ड काढून खिशात टाकलं. डोळा झोपलेलाच राहिला.

तेव्हापासून दर गुरुवारी रुतिलिओची गाडी ओकोतितलात येते. कार्ड लावायचं, चाचणी पुढचे आठ दिवस लांबवायची, वहीत तीच ओळ लिहायची, चार टॉर्टिया खायच्या आणि जायचं. गावात त्याला रांग लागत नाही. अबुंदिओबुवांचा यावर आक्षेप आहे. ते म्हणतात, मी तेवीस वर्षं रांगेत उभा राहून जे कमावलं ते या माणसाने अंगावर पाणी शिंपडून घेऊन मिळवलं.

मध्ये एका दुपारी फोन आला. तीच गोड आवाजाची मुलगी होती. म्हणाली, तुमच्या यंत्राची सतरा आठवडे सलग तपासणी चालू आहे, साऱ्या राज्यात इतकं दुखणाईत यंत्र दुसरं नाही, आणि कंपनीला याचं फार वाईट वाटतं. म्हणून कंपनीने ठरवलं आहे की ते परत न्यायचं आणि नवं, सुधारलेलं यंत्र फुकट द्यायचं.

निकांद्राबाईंनी विचारलं, नव्याला डोळा आहे का. मुलगी उत्साहाने म्हणाली, आता दोन आहेत.

"नको मग," बाई म्हणाल्या. "दुखणाईत असलं तरी हे माझं आहे. आता कुठे माझं झालंय."

त्यांनी फोन ठेवला. वार गुरुवार होता. आतल्या बाकावर बसलेल्या रुतिलिओने तोंडातला घास गिळून विचारलं की कोण होतं.

"तुमच्याच ऑफिसातली. यंत्राची तब्येत विचारत होती."

"मग काय सांगितलंत, कोमाद्रे?"

"काय सांगणार? म्हटलं, दुखणं तसंच आहे," निकांद्राबाई ओल्या पिठाचा गोळा यंत्रात लोटत म्हणाल्या, "पण खातंय चांगलं."