अंबाजी पाणाड्याने मंगळावर काढलेलं पाणी

जमिनीखालचं पाणी आपल्या तळपायांना कळतं, असं टाकवे बुद्रुकच्या अंबाजी पाणाड्याचं प्रामाणिक मत होतं. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरून तो शिवारातून चाले. बेचकी झुकली की तिथे दगड रोवायचा, नारळ फोडायचा आणि खणायला लागायचं. सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्यापर्यंत त्याने दाखवलेल्या तीन विहिरी कोरड्या निघाल्या. एकीत तिच्या मालकाने, केरबाने, कोंबड्या ठेवल्या. त्यांना ती चांगली मानवली.

चौथी विहीर गावातल्या कस्तुराबाईला खणायची होती. तिने उर्स्याचा पाणाड्या बोलवायचं ठरवलं. परगावचा पाणाड्या येणार म्हणजे अंबाजीचा फेटा भर पारावर उतरणार. कुठलीही जमीन दाखवा, बसल्या जागी पाणी सांगतो, असं त्याने जाहीर करून टाकलं.

शाळेतल्या निवृत्ती गुरुजींना एवढं पुरे होतं. कामशेतहून आणलेल्या साप्ताहिकात मंगळाचा रंगीत फोटो होता, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून काढलेला. गुरुजींनी खालचा मजकूर दुमडला. ही विमानातून टिपलेली जमीन आहे, म्हणाले, सांगा पाणी.

अंबाजीने त्या तांबड्या मातीवरून बोट फिरवलं. जमीन वरकस, हलकी आहे, म्हणाला, पेरणीआधी राब भाजल्याची खूण नाही, मालक आळशी दिसतो. मग एका वळणदार चरावर बोट थांबलं.

"गुरुजी, हितनं पानी लय वाहिलंय. आता न्हाई."

"अंबाजीभाऊ, हा मंगळ आहे."

अख्खा पार हसला. कस्तुराबाईने तिथूनच उर्स्याला माणूस धाडला. हसू ओसरल्यावर गुरुजींनी दुमडलेला मजकूर उलगडून मोठ्याने वाचला. त्या चरांतून एके काळी पाणी वाहिलं असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

अमेरिकेला त्यासाठी यान धाडावं लागलं होतं, अंबाजीचं एका बोटात भागलं. ज्याला मंगळावरचं दिसतं त्याला माझ्या बांधाआडचं दिसेलच, असं म्हणून कस्तुराबाईने उर्स्याला निघालेला माणूस वेशीवरूनच माघारी बोलावला.

बेचकी झुकली. नारळ फुटला. तीस हात खणल्यावर काळा पाषाण लागला, तोही ठणठणीत कोरडा. कस्तुराबाई काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, पानी कुटंय?"

अंबाजीने आत वाकून पाहिलं, अगदी शास्त्रज्ञासारखं.

"व्हतं गं बाय. पूर्वी लय वाहिलंय हितनं."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईने केरबाकडून चार कोंबड्या मागवल्या.