शनिवारचा शेवटचा आयटम

शशिकांत बिवलकर इंजिनिअर म्हणून टोरांटोला आले आणि इंजिनिअर म्हणूनच निवृत्त झाले. पण मनाने ते आयुष्यभर पर्सी लॉटन या जुन्या ब्रिटिश विनोदवीराकडे नोकरीला होते. सांगलीत थोरल्या भावाच्या रेडिओवर त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला. इथे आल्यावर टीव्हीवरही पाहिला. कौतुक मात्र ते लॉटनपेक्षा त्याच्या दोन लेखकांचं जास्त करीत.

"गिब आणि फॅरल नसते तर तो नुसता एक उदास चेहरा होता," असं ते म्हणत. पुढे लॉटनने त्या दोघांना सोडलं आणि मग लोक त्याला हसेनासे झाले. हे सांगून झालं की शशिकांतराव जवळचं कोणी गेल्यासारखे गप्प बसत.

त्याच धाटणीची स्वगतं ते आमच्या इथल्या मराठी मंडळासाठी मराठीत लिहायचे. सादर करायचे इस्राएल चेऊलकर. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएली ज्यू, आता नॉर्थ यॉर्कला कॉन्डोत राहणारे. त्यांचा आयटम नेहमी शेवटी असे. मोठा कलाकार शेवटी, असंच सगळ्यांना वाटायचं. खरं कारण एवढंच की शब्बाथ पाळायचा म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत इस्राएल ना फोन घेत, ना गाडीत बसत.

२०१६च्या सप्टेंबरात शशिकांतरावांनी टोरांटोजवळचं मिल्टनचं घर विकलं; ताबा महिनाअखेरीस द्यायचा होता. पत्नी उमावहिनी गेल्यापासून जिने चढवत नव्हते. मुलगा ऋषी त्यांना कॅल्गरीला नेणार होता. जाण्याआधी आपलं एक स्वगत इस्राएलच्या तोंडून शेवटचं एकदा ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शुक्रवारी रात्री हॉलवाल्यांनी आमच्या शनिवारच्या कार्यक्रमाची वेळ बदलली. संध्याकाळी सहाला हॉल रिकामा करायचा होता. नव्या सेक्रेटरी सीमाने लगेच सगळ्यांना मेसेज टाकला. इस्राएलचा आयटम तिने आठवणीने शेवटीच ठेवला. पाच वाजता!

शनिवारी शशिकांतरावांना मी गाडीतून घेऊन आलो. कार्यक्रमपत्रिका पाहून ते खुर्चीत बसले.

"सीमा, पाचला इस्राएल कसा येईल गं? बाहेर ऊन आहे."

"उन्हाचं काय, काका? विंटर थोडीच आहे?"

तिला मी समजावलं. तिचा चेहरा उतरला. "मग काका, तुम्हीच वाचा ना. तुमचंच तर आहे."

ते वाचायला उभे राहिले. स्वगत होतं घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करणाऱ्या फर्नेसवाल्याची वाट बघत बसलेल्या एकट्या माणसाचं. "फर्नेसवाला आठ ते पाचच्या दरम्यान येणार आहे म्हणजे मी वॉशरूममध्ये असेन तेव्हा." एका दमात. कोणी हसलं नाही. मागे लोक डबे भरू लागले. शेवटी टाळ्या पडल्या, वयाला मान म्हणून पडतात तशा.

"घरी सोडू?" मी विचारलं.

"नको. इस्राएलकडे चल. तो उगाच आठला हॉलवर जाईल."

आम्ही पोचलो तेव्हा इस्राएलच्या पत्नी सिबिलवहिनी खिडकीशी उभ्या राहून आकाश बघत होत्या. चांदण्या दिसल्यावर, शब्बाथ संपला तसा, त्यांनी दिवा लावला. घडलेलं सगळं इस्राएलनी ऐकून घेतलं. दमलेले तेही दिसत होते.

"तू वाचलंस? तू?"

"वाईट वाचलं."

"ते सांगायला कशाला हवं?" इस्राएल म्हणाले. "आण तो कागद."

"अहो, आधी चहा तरी घ्या," वहिनी म्हणाल्या.

"चहा गार होऊ दे. याचं विमान उद्या आहे."

त्यांनी बसल्या बसल्याच सुरुवात केली. आवाज थकलेला होता. "फर्नेसवाला आठ ते पाचच्या दरम्यान येणार आहे." मग थांबले. दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, चष्मा पुसला. "म्हणजे मी वॉशरूममध्ये असेन तेव्हा."

सिबिलवहिनींनी तोंडाला पदर लावला. मीही हसलो. शशिकांतराव हसले नाहीत. मान खाली घालून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले.

"चष्मा पुसायचं मी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग लिहून घे."

"आता कोणासाठी?"

 इस्राएलनी कागदाची घडी घातली आणि शशिकांतरावांना परत न देता स्वतःच्या खिशात ठेवली. शशिकांतरावांनी ते पाहिलं. कागद परत मागितला नाही.

मिल्टनच्या वाटेवर ते गाडीत झोपून गेले.