वाचलं, मान्य

ओदील बोसों कुणावरही विश्वास ठेवत नसे. कॉफीच्या मशीनपाशी दोघंजण बोलता बोलता थांबले की ती विचारी, "माझंच चाललं होतं ना?" आणि खरं सांगतो, बरेचदा तिचंच चाललेलं असे. जिनिव्हातल्या आमच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ती एकोणीस वर्षं टपाल विभागात होती. रोज सरहद्दीपलीकडून, फ्रान्सातून ट्रामने यायची.

मग व्हेनेमासाहेब प्रमुख म्हणून आले. तिच्याकडचं टपाल हळूहळू दुसऱ्यांकडे गेलं. बैठकीत सगळ्यांचं बोलून झालं की साहेब तिच्याकडे बघून म्हणत, "आणि आमचं वस्तुसंग्रहालय काय म्हणतंय?" लोक हसत.

तिने छळाची तक्रार केली. अकराव्या दिवशी बदलीचा कागद आला. विमानतळामागच्या गोदामात, "सेवेच्या हितासाठी". तिथे जुनी खोकी सोडली तर काही नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, ती खोक्यांकडे बघत काढायची.

मी कर्मचारी संघटनेतर्फे असली भांडणं लढवतो. आमच्यासारख्या संस्थेत इथल्या कोर्टाचं काही चालत नाही. घरचं भांडण घरच्याच मंडळापुढे. बदली सूडाने झाली एवढंच दाखवायचं होतं. फाइल उघडली आणि मी कपाळावर हात मारला. बदलीच्या कागदावर, सहीच्या वर, तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: वाचलं, मान्य.

"हे काय आहे, मादाम?"

"सही."

"सहीच्या वर!"

"ते तर लिहायचंच असतं. घरभाड्याच्या करारावर लिहितो, पोरीच्या सहलीच्या कागदावर लिहितो. आईने शिकवलंय, त्याशिवाय सही म्हणजे सही नव्हे."

पलीकडच्या फ्रेंचांची ही खोड मला माहीत होती. पण जी बाई कँटीनचा फळाही दोनदा वाचते, ती बदलीच्या कागदावर सवयीने 'मान्य' लिहील? पाणी कुठेतरी मुरत होतं. साहेबांशी आतून काहीतरी ठरवून घेतलं असणार आणि आता फिरली असणार, असं मी धरून चाललो.

"साहेबांनी काही कबूल केलं होतं का? जास्तीच्या रजा? बढती?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने कोट उचलला. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"तुमच्याच."

"मग पोलिसासारखं काय उलटसुलट विचारताय?"

ती गेल्यावर मी तिची जुनी कागदपत्रं काढायला लावली. रजा नाकारल्याचं पत्र: वाचलं, मान्य. कामचुकार म्हणून दिलेली ताकीद: वाचलं, मान्य. आगीच्या कवायतीची सूचना, तीही मान्य. माझ्या खोलीत मी एकटाच मोठ्याने हसलो.

मंडळापुढे संस्थेचा डेनिश वकील ठासून म्हणाला, "मान्य म्हणजे मान्य."

मी एकेक कागद अध्यक्षबाईंपुढे सरकवला. बाई डाकारच्या, फ्रेंचमध्येच शिकलेल्या. त्यांनी चष्मा वर केला. "स्वतःची रजा नाकारली, ते यांना मान्य. आपण कामचुकार आहोत, तेही मान्य. फारच समजूतदार बाई दिसतात! वकीलसाहेब, तुम्ही यांना कामचुकारही धरणार का?"

बदली रद्द झाली आणि साहेबांची चौकशी लागली.

बाहेर मी आनंदाने हात पुढे केला. "जिंकलो, मादाम!"

ओदील कोटाची बटणं लावत होती. "ते जुने कागद कशासाठी काढायला लावलेत?"

पुरावा शोधायला, असं म्हणता आलं असतं. पण तिच्यापुढे खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"तुम्ही खरं बोलताय का ते बघायला."

तिने मान हलवली. नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"आणि कागद सापडले नसते तर?"

मी पुढे केलेला हात मागे घेतला. "मेर्सी, मस्यू" म्हणून तिने आभार मानले आणि ती ट्रामकडे निघाली. तिची खुर्ची तिला परत मिळाली होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.